उंची कुठून कुठवर? : अभियंता फझलूर रहमान खान

गेल्या वर्षी माघात आमच्या गावी महादेवाच्या देवळावर कलशारोहण झाले. निमंत्रणपत्रिकेवर देवळाची उंची ठळक अक्षरांत ५१ फूट छापली होती. त्या देवळाच्या बाहेरच्या अंगाचे सगळे काम, जोत्याच्या चिऱ्यांपासून शिखराच्या गिलाव्यापर्यंत, माझ्या वडिलांनी केले. ते गवंडी आहेत. मजुरी उंचीच्या फुटावर ठरली होती. हिशेबाला बसल्यावर कंत्राटदाराने टेप लावला आणि उंची भरली ४२ फूट! कलश आणि ध्वजदंड मिळून पाच फूट, ते तांबटाचे आणि लोहाराचे काम, म्हणून वडिलांनी स्वतःच सोडले होते. पण कंत्राटदाराने खालचे चार फूट जोतेही वगळले. त्याच्या मते देऊळ जोत्याच्या वर सुरू होते. वडिलांच्या मते ते जमिनीपासून सुरू होते. म्हणजे एकाच देवळाच्या तीन उंच्या झाल्या. लोकांना सांगायला ५१, वडिलांच्या हिशेबाने ४६ आणि पैसे मिळाले ते ४२ फुटांचे.

तेव्हापासून उंची हा शब्द ऐकला की मी कान टवकारतो. आमच्या वसतिगृहात नांदुऱ्याच्या हनुमंतावरून एकदा असाच वाद रंगला. हमरस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाने ती १०५ फुटी मूर्ती पाहिलेली आहे. एकाने विचारले, या १०५ मध्ये खालचा चौथरा धरला आहे की नाही? झाले! रात्री बारापर्यंत कोणी झोपले नाही. दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात जगातल्या उंच इमारतींची माहिती काढून बसलो आणि तिथे मला एका माणसाचे चरित्र सापडले. मी कला शाखेचा विद्यार्थी. अभियांत्रिकीतले मला कळते ते परांचीवर बापाच्या हाताखाली शिकलो तेवढेच. तेव्हा काही चुकले तर जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

फझलूर रहमान खान यांचा जन्म ३ एप्रिल १९२९ रोजी ढाका येथे झाला. वडील गणिताचे अध्यापक, पुढे शिक्षण खात्यात मोठ्या पदावर गेले. थोरांची चरित्रे दिव्याखाली अभ्यास करणाऱ्या गरीब मुलापासून सुरू व्हावीत अशी आपली एक अपेक्षा असते. हे चरित्र तसे नाही, आणि ओढूनताणून तसे करण्यात अर्थ नाही. घरात पुस्तके होती, गणित होते आणि मुलाने काय शिकावे हे सांगू शकणारा बाप होता. (माझ्या वडिलांनी मला एवढेच सांगितले होते की, थापी हाती धरू नकोस.) कलकत्त्याजवळ शिबपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात त्यांचे शिक्षण चालू होते. फाळणीनंतरच्या दंगलींमुळे ते अर्धवट सोडून त्यांना ढाक्याला परतावे लागले. पदवी त्यांनी तिथल्या अहसानुल्ला महाविद्यालयातून पहिल्या क्रमांकाने घेतली. १९५२ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात गेले आणि तीन वर्षांत दोन एम.एस. पदव्या व डॉक्टरेट घेऊन बाहेर पडले. १९५५ मध्ये शिकागोच्या स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या संस्थेत त्यांनी नोकरी धरली. मध्ये काही काळ ते मायदेशी परतले होते, पण १९६० मध्ये पुन्हा शिकागोला आले ते कायमचे.

आता त्यांनी केले काय, ते सांगतो. उंच इमारतीचा खरा शत्रू तिचे वजन नाही, वारा आहे. वजन खाली दाबते, ते खांब झेलतात. वारा मात्र आडवा लोटतो. इमारत जितकी उंच, तितका हा लोट भारी, आणि त्याला तोंड द्यायचे तर जुन्या पद्धतीने आतल्या खांबतुळ्यांत पोलाद ओतत राहावे लागे. म्हणजे मजले दुप्पट केले की पोलाद दुपटीहून कितीतरी जास्त. उंचीसाठी जणू दंड भरावा लागे. खान यांनी खांब आतून काढून बाहेरच्या भिंतीत आणले, जवळ जवळ उभे केले आणि आडव्या तुळयांनी घट्ट जखडले. आता सगळी इमारतच एक पोकळ नळी झाली. आपल्याकडच्या माणसाला हे सांगायला चित्र लागत नाही. बांबू पोकळ असतो, सगळे बळ त्याच्या सालीत असते आणि वावटळीत तो वाकतो पण मोडत नाही. शिकागोतील ४३ मजल्यांच्या एका निवासी इमारतीत ही युक्ती त्यांनी प्रथम वापरली.

पुढे वास्तुशिल्पी ब्रूस ग्रॅहम यांच्या जोडीने त्यांनी जॉन हॅन्कॉक सेंटर उभारले. हे १९६९ चे. शंभर मजले, आणि बाहेरच्या चारही अंगांना मोठमोठ्या फुल्या. त्या फुल्या शोभेच्या नाहीत. वाऱ्याचा लोट त्या तिरक्या पट्ट्यांतून जमिनीत उतरतो. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीला दर चौरस फुटाला सुमारे ४२ पौंड पोलाद लागले होते, हॅन्कॉकला सुमारे ३० पौंड पुरले. हा आकडा वाचला तेव्हा मला वडिलांची आठवण झाली. सिमेंटचे पोते कोणी जास्तीचे फोडले तर ते दिवसभर त्याच्याशी बोलत नाहीत.

पण माझ्या मनात सर्वांत ठसलेली गोष्ट वेगळीच आहे. एवढी उंच इमारत वाऱ्याने थोडी हलणारच. किती हललेली चालेल? कोष्टकातून उत्तर मिळेना, तेव्हा खान यांनी शिकागोच्या एका विज्ञान संग्रहालयातल्या फिरत्या मंचावर माणसांना उभे केले, बसवले, आडवे निजवले आणि कोणत्या हेलकाव्याला माणसाला अस्वस्थ वाटू लागते ते तपासले. वरच्या मजल्यावर माणूस शांतपणे झोपू शकेल की नाही, हे त्यांनी माणसालाच विचारले. उंची माणसाच्या वापरासाठी असते, हे या माणसाच्या डोक्यात पक्के होते, असे मला यावरून वाटते.

मग आली सीअर्स टॉवर. १९७३ मध्ये तिचा सांगाडा माथ्याला पोहोचला. ११० मजले आणि १४५० फूट, म्हणजे ४४२ मीटर. न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांना मागे टाकून ती जगात सर्वांत उंच ठरली. इथे खान यांनी एका नळीऐवजी नऊ नळ्यांची मोळी बांधली. प्रत्येक नळी ७५ फूट चौरस. एक काडी मोडते, मोळी मोडत नाही, ही गोष्ट आपण चौथीच्या आधीच ऐकलेली असते. या नऊपैकी दोन ५० व्या मजल्यावर थांबतात, दोन ६६ व्या, तीन ९० व्या, आणि उरलेल्या दोन शेवटपर्यंत जातात. त्यामुळे ती इमारत लांबून पायऱ्यापायऱ्यांची दिसते. वर टोकदार कळस नाही, सपाट माथा आहे. नंतर त्यावर प्रक्षेपणाचे दोन अँटेना बसले.

खान केवळ हिशेबाचे माणूस नव्हते. रवींद्रसंगीताचे त्यांना वेड होते. १९७१ मध्ये पूर्व बंगालात रक्तपात सुरू झाला तेव्हा शिकागोत बसून त्यांनी मदतीसाठी आणि बांगलादेशाच्या बाजूने लोकमत घडवण्यासाठी संघटना उभारल्या. म्हणजे डोक्यात जगातली सर्वांत उंच इमारत आणि काळजात जळणारे गाव, हे एकाच वेळी. त्यांचे शेवटचे मोठे काम तर उंच नाहीच. सौदी अरेबियात जेद्दा विमानतळावर हज यात्रेकरूंसाठी त्यांनी तंबूंच्या आकाराचे विस्तीर्ण छत उभारले. भर उन्हात लाखो माणसांना सावली मिळावी म्हणून. त्याच जेद्दात २७ मार्च १९८२ रोजी हृदयविकाराने ते गेले. वय अवघे ५२. दफन शिकागोत झाले.

माणूस गेला, पण त्यांच्या इमारतीचा फुटांचा हिशेब मिटला नव्हता.

हा हिशेब तसा जुनाच. १९२९ मध्ये न्यूयॉर्कात क्रायस्लर इमारत आणि वॉल स्ट्रीटवरची एक इमारत यांची चढाओढ लागली होती. क्रायस्लरच्या वास्तुशिल्पीने १८५ फुटांचे एक सुळके इमारतीच्या पोटात गुपचूप जोडून ठेवले आणि ऐन वेळी वर काढले. झाली पहिली! प्रतिपक्षाचे म्हणणे असे की, माणूस उभा राहू शकेल असा आमचा सज्जा तुमच्याहून उंचावर आहे. त्यांचे फारसे कोणी ऐकले नाही, आणि १९३१ मध्ये एम्पायर स्टेटने दोघांनाही गप्प केले.

सीअर्सच्या नशिबी हेच आले. मलेशियात क्वालालंपूरला पेट्रोनास मनोरे उभे राहू लागले. मजले ८८, उंची ४५२ मीटर. पण त्यांत वरचे निमुळते सुळके धरलेले. उंच इमारतींविषयी निवाडा देणारी एक आंतरराष्ट्रीय परिषद आहे. तिने १९९६ मध्ये ठरवले की, सुळका हा वास्तूच्या रचनेचाच भाग असल्याने तो मोजायचा, अँटेना मात्र कधीही काढता-घालता येतो म्हणून तो मोजायचा नाही. दहा मीटरने सीअर्सचा मान गेला. शिकागोकरांचा संताप समजण्यासारखा आहे. सीअर्सचा माणसे वावरतात तो शेवटचा मजला सुमारे ४१३ मीटरवर, पेट्रोनासचा सुमारे ३७५ वर. सीअर्सच्या वरच्या मजल्यावर उभा असलेला माणूस पेट्रोनासच्या वरच्या मजल्यावरच्या माणसाकडे खाली वाकूनच पाहील, तरी बुटकी कोण? तर सीअर्स! ओरड झाल्यावर परिषदेने चार याद्या केल्या : रचनेचे टोक, वापरातला शेवटचा मजला, छप्पर आणि अँटेनाचे टोक. मजला आणि छप्पर या दोन याद्यांत सीअर्स पहिली राहिली. पण वर्तमानपत्रांनी पहिली यादीच उचलली. आमच्या गावच्या पत्रिकेचेही असेच असते.

२००४ मध्ये तैपेई १०१ ने तेही दोन मान घेतले. २०१३ मध्ये खुद्द अमेरिकेतला पहिला क्रमांकही गेला. न्यूयॉर्कच्या नव्या वर्ल्ड ट्रेड सेंटरचे छप्पर ४१७ मीटरवर, सीअर्सहून खाली. पण वरची काठी सुळका मानायची की अँटेना, यावर परिषद बसली आणि तिने सुळका मानला. उंची झाली ५४१ मीटर. २०१० पासून जगात पहिला असलेला दुबईचा बुर्ज खलिफा ८२८ मीटर आहे खरा, पण त्यातले वरचे सुमारे २४४ मीटर कोणाच्याही राहण्यावावरण्याचे नाहीत. तेवढ्या उंचीत आमच्या गावची देवळे एकावर एक ठेवली तर पंधरा मावतील.

मला विचाराल तर मी कंत्राटदाराच्या बाजूचा नाही आणि पत्रिकेच्याही बाजूचा नाही. कलश हवाच. कलशावाचून देऊळ बोडके दिसते, आणि क्रायस्लरचे सुळके काढून टाका असे आज कोणी म्हणणार नाही. पण उंचीचा मान कोणाला द्यायचा असा प्रश्न असेल, तर माणूस जिथवर चढून उभा राहू शकतो तिथवर मोजावे. खान यांची सगळी विद्या तेवढ्याचसाठी होती. सुळका उभा करायला नऊ नळ्यांची मोळी लागत नाही. गंमत अशी की, याच परिषदेतर्फे आज खान यांच्या नावाचे पदक दिले जाते. आणि १९९८ मध्ये, पेट्रोनास मनोरे पुरे झाले त्याच सुमारास, शिकागो शहराने सीअर्सच्या पायथ्याशी असलेल्या चौकातल्या रस्त्याला त्यांचे नाव दिले. इमारतीचे नाव मात्र २००९ मध्ये बदलून विलिस टॉवर झाले.

दिवाळीच्या सुटीत मी हे सगळे वडिलांना सांगितले. पुस्तकातले चित्र दाखवले. त्यांनी चष्मा काढून, पुन्हा लावून ते बराच वेळ पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला तो पायाचा. मी सांगितले की, ११४ खोल खांब जमिनीखाली पार खडकापर्यंत नेऊन टेकवले आहेत. त्यांनी मान डोलावली. मग ते त्या परिषदेविषयी विचारू लागले. वर कुठवर मोजायचे याचा एवढा वाद घालतात, तर खाली कुठून मोजायचे याचे काही ठरवले आहे का? ठरवले आहे. उघड्यावरून पायी चालत येणाऱ्या माणसासाठी जे सर्वांत खालचे मुख्य दार असते, तिथल्या जमिनीच्या पातळीपासून मोजायचे. आमच्या देवळाला पायऱ्या जोत्याच्या बाहेर, अंगणातून सुरू होतात आणि दार जोत्यावर आहे. म्हणजे हा नियम लावला तरी वाद उरतोच. हे मी वडिलांना प्रामाणिकपणे सांगितले.

त्यांनी तो नियम माझ्याकडून मराठीत एका कागदावर लिहून घेतला. वाचता त्यांना जेमतेम येते. कागदाची घडी करून त्यांनी ती ओळंब्याच्या पिशवीत ठेवली आहे. चार फुटांचे पैसे अजून मिळालेले नाहीत, आणि कंत्राटदार पुढच्या महिन्यात शेजारच्या गावी नव्या कामाला येणार आहे.