हाडं वाचणारा जालीनूस

आपल्याकडचे युनानी हकीम ज्याला जालीनूस म्हणतात, तो गेलन मूळचा पर्गामम या ग्रीक शहरातला. आज हे ठिकाण तुर्कस्तानात येतं. जन्म इ.स. १२९चा. वडील निकॉन वास्तुविशारद, शांत स्वभावाचे. आई इतकी तापट, की दासींना चावायची, असं खुद्द गेलननंच लिहून ठेवलंय. (आईबद्दल असं लिहायचं धाडस आपल्याकडे कोण करील!) मुलगा सोळा-सतरा वर्षांचा असताना वडिलांना स्वप्न पडलं आणि त्याची रवानगी वैद्यकीकडे झाली.

स्मर्ना, कॉरिंथ करत तो अलेक्झांड्रियाला पोचला. तिथं माणसाचे सांगाडे समोर ठेवून शिकवत. एरवी माणसाचं प्रेत फाडून पाहायची सोय नव्हती. तंबूला जशा काठ्या, घराला जशा भिंती, तशी शरीराला हाडं. बाकी सारं त्यांच्या आकारावर बेतलेलं, असं गेलनचं ठाम मत. म्हणून विद्यार्थ्यांना तो सांगे, जमलं तर अलेक्झांड्रियाला जाच, नाहीतर निदान डोळे उघडे ठेवा. त्याला स्वतःला एकदा रस्त्याकडेला मारला गेलेला दरोडेखोर दिसला. गावकऱ्यांनी त्याला पुरलं नव्हतं आणि पाखरांनी दोन दिवसांत सांगाडा उघडा केला होता. आणखी एकदा पुरानं थडगं फोडून प्रेत वाहून आणलं, तेही त्यानं न्याहाळलं.

इ.स. १५७ मध्ये गावी परतून तो ग्लॅडिएटरांचा वैद्य झाला. फाटलेल्या मांड्या, तुटलेले स्नायू ही त्याची शाळाच. त्या काळी मज्जातंतू काय, अस्थिबंध काय, ग्रीकमध्ये सगळ्यांना एकच शब्द चाले. आपलं तरी काय वेगळं? गुडघा मुरगळला की शीर ताणली म्हणून मोकळे होतो. कोणती शीर, ते विचारायचं नाही! गेलननं हे धागे सुटे केले. गुडघ्याच्या आत फुलीसारखे एकमेकांना ओलांडणारे दोन अस्थिबंध सांध्याला भलतीकडे सरकू देत नाहीत, हे त्यानं सांगितलं.

कबड्डीत चढाई करताना माझ्या भाचीचा त्यातला पुढचा अस्थिबंध तुटला. डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म दिव्यावर लावली आणि आधी बोट ठेवलं ते हाडांवर. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला दोन गोल फुगवटे असतात. त्यांच्यामधल्या खाचेत हे दोर राहतात. खाच अरुंद असली, तर पुढचा दोर तुटायचा धोका जास्त. दुसरी गोष्ट नडगीच्या हाडाच्या माथ्याची. तो सपाट नसतो, मागच्या बाजूला थोडा उतरता असतो. हा उतार जास्त असला की उडीनंतर पाय टेकताना मांडीचं हाड मागे घसरू पाहतं, नडगी पुढे ढकलली जाते आणि सगळा ताण दोरावर येतो. फुटबॉल, बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलींत ही दुखापत मुलांच्या दुपटी-तिपटीनं आढळते. मुलींची खाच सरासरीनं अरुंद असते, हे त्याचं एक कारण सांगतात; एकमेव नव्हे. स्नायूंची ताकद, उतरताना गुडघा आत वळणं, हेही त्यात येतंच. हाडाची ठेवण जन्माची, पण उडी मारून उतरायची रीत शिकता येते आणि तशा सरावानं दुखापती कमी होतात. भाची सध्या तेच शिकते आहे.

गेलनला या खाचेचं माप घ्यायला माणसाचा गुडघा कुठून मिळणार? त्यानं फाडून पाहिली ती मुख्यतः माकडं. १६२ मध्ये तो रोमला गेला, सम्राट मार्कस ऑरेलियसचा वैद्य झाला. १९२च्या आगीत त्याचे बरेच ग्रंथ जळाले, तरी तो लिहीतच राहिला. इ.स. २००च्या आसपास किंवा त्यानंतर कधीतरी तो वारला. पुढं तेराशे वर्षं युरोपातल्या वैद्यांनी त्याची पोथी प्रमाण मानली. स्वतः हाडं पाहा, हे त्याचं सांगणं तेवढं विसरले. १५४३ मध्ये अँड्रियास व्हेसालियसनं माणसाचं शरीर समोर ठेवून तो मजकूर ताडून पाहिला, तेव्हा कुठं त्यातली माकडं दिसू लागली.