सतीश धवन : अपयशाच्या वेळी पुढे उभे राहणारे नेतृत्व

चेन्नई, 25 सप्टेंबर : प्रक्षेपकापासून विलग होऊन समुद्राकडे झेपावणारे बूस्टर आज प्रक्षेपकावरीलच कॅमेऱ्यातून दिसतात. चेन्नईच्या उत्तरेस सुमारे 80 किलोमीटरवरील श्रीहरिकोटा येथील अवकाश केंद्राला ज्यांचे नाव आहे, त्या प्रा. सतीश धवन यांच्या कार्यकाळात मात्र उड्डाणाचे भवितव्य मुख्यतः रडार आणि रेडिओद्वारे येणाऱ्या आकड्यांवरूनच ताडावे लागे. आज त्यांची जयंती.

1920 मध्ये श्रीनगर येथे जन्मलेल्या धवन यांनी अमेरिकेत डॉक्टरेट संपादन केली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालकपद सांभाळत असतानाच 1972 मध्ये त्यांनी इस्रोची धुरा स्वीकारली.

10 ऑगस्ट 1979 रोजी एसएलव्ही-3 चे पहिले उड्डाण अपयशी ठरले. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेत बिघाड होऊन प्रक्षेपक बंगालच्या उपसागरात कोसळला. त्या दिवशी पत्रकारांना धवन स्वतः सामोरे गेले आणि अपयशाची जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली. 18 जुलै 1980 रोजी 35 किलो वजनाचा रोहिणी उपग्रह कक्षेत पोहोचला, तेव्हा पत्रकार परिषदेसाठी त्यांनी प्रकल्प संचालक ए. पी. जे. अब्दुल कलाम यांना पुढे केले.

3 जानेवारी 2002 रोजी धवन यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले. याच केंद्रातून 15 फेब्रुवारी 2017 रोजी एकाच उड्डाणात 104 उपग्रह सोडण्यात आले. ते विलग होतानाची प्रक्षेपकावरून टिपलेली दृश्ये देशाने पाहिली.