जॉन व्हाइट (फुटबॉलपटू)

जॉन अँडरसन व्हाइट (२८ एप्रिल १९३७, मसलबरा - २१ जुलै १९६४, एनफील्ड) हे एक स्कॉटिश व्यावसायिक फुटबॉलपटू होते. इंग्लंडमधील टॉटेनहॅम हॉटस्पर या क्लबकडून ते इनसाइड फॉरवर्ड म्हणून खेळत. चेंडू जवळ नसतानाही मोकळी जागा हेरून ते तेथे नकळत पोहोचत असत. त्यामुळे क्लबच्या मैदानाच्या नावावरून त्यांना व्हाइट हार्ट लेनचे भूत असे म्हटले जाई.

कारकीर्द

व्हाइट प्रथम बॉनीरिग रोझ, त्यानंतर अलोआ ॲथलेटिक आणि १९५८ पासून फॉलकर्क या स्कॉटिश क्लबांकडून खेळले. किरकोळ शरीरयष्टीमुळे त्यांच्या दमाविषयी शंका घेतली जात असे. परंतु सक्तीच्या लष्करी सेवेत असताना ते उत्तम क्रॉस-कंट्री धावपटू होते. ही माहिती मिळाल्यावर टॉटेनहॅमचे व्यवस्थापक बिल निकोल्सन यांनी ऑक्टोबर १९५९ मध्ये सुमारे २२,००० पौंडांना त्यांना करारबद्ध केले.

१९६०-६१ च्या हंगामात टॉटेनहॅमने लीग आणि एफए कप या दोन्ही स्पर्धा जिंकल्या. विसाव्या शतकात असा दुहेरी विजय मिळवणारा हा पहिला क्लब होय. व्हाइट त्या हंगामातील लीगचे सर्व ४२ सामने खेळले. १९६२ मध्ये संघाने एफए कप राखला. १५ मे १९६३ रोजी रॉटरडॅम येथे युरोपीय कप विनर्स कपच्या अंतिम सामन्यात ॲटलेटिको माद्रिदवर ५-१ असा विजय मिळाला. त्यातील एक गोल व्हाइट यांचा होता. युरोपीय स्पर्धा जिंकणारा टॉटेनहॅम हा पहिला ब्रिटिश क्लब ठरला. या क्लबकडून त्यांनी लीगच्या १८३ सामन्यांत ४० गोल केले.

आंतरराष्ट्रीय कारकीर्द

मे १९५९ मध्ये पश्चिम जर्मनीविरुद्धच्या पदार्पणाच्या सामन्यात त्यांनी पहिल्याच मिनिटाला गोल केला. स्कॉटलंडकडून ते २२ सामने खेळले. १९६३ मध्ये वेम्बली येथे इंग्लंडला २-१ ने हरवणाऱ्या संघात त्यांचा समावेश होता.

मृत्यू

१९६४ पर्यंत टॉटेनहॅमचा यशस्वी संघ विस्कळीत झाला होता. कर्णधार डॅनी ब्लँचफ्लॉवर निवृत्त झाले होते, तर डेव्ह मॅके यांचा पाय मोडला होता. नवा संघ व्हाइट यांच्याभोवती उभारण्याचा निकोल्सन यांचा विचार होता. मात्र २१ जुलै १९६४ रोजी क्रूज हिल येथील गोल्फ मैदानावर वादळी पावसात झाडाखाली आसरा घेतला असता वीज पडून व्हाइट यांचा मृत्यू झाला. तेव्हा ते २७ वर्षांचे होते. त्यांच्या मागे पत्नी व दोन लहान मुले होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांच्या कुटुंबाच्या मदतीसाठी टॉटेनहॅम आणि स्कॉटलंडचा निवडक संघ यांच्यात सामना खेळविण्यात आला. त्यात त्यांचे बंधू टॉम व्हाइट टॉटेनहॅमकडून खेळले.