सर अ‍ॅश्टन लीव्हर आणि त्यांचें तिरंदाजांचें मंडळ

धनुष्य हा शब्द उच्चारतांच आमच्या विद्यार्थ्यांच्या मनापुढें अर्जुन अगर एकलव्य उभा राहतो. आणि बांबूची कामटी वांकवून तिला सुतळी बांधणारे व ज्वारीच्या ताटाचे बाण करणारे वीर तर सुटीच्या दिवसांत प्रत्येक आळींत आढळतात. ह्या विद्येस रणांगणांतून व अरण्यांतून काढून एका लहानशा हिरवळीवर आणणाऱ्या व तिच्यासाठीं मंडळी जमविणाऱ्या एका इंग्रज गृहस्थाचें चरित्र येथें थोडक्यांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अ‍ॅश्टन लीव्हर ह्यांचा जन्म मँचेस्टर शहराजवळ ऑल्क्रिंग्टन येथें ता. ५ मार्च १७२९ रोजीं झाला. घराणें जमीनदारांचें व सुखवस्तु होतें. ऑक्सफर्ड येथें कांहीं काळ शिक्षण घेऊन ते घरीं परतले. त्यांस प्रथम छंद लागला तो जिवंत पक्षी पाळण्याचा. पुढें सुमारें १७६० सालीं त्यांनीं परदेशी शिंपल्यांचा मोठा संग्रह विकत घेतला, आणि तेथून पुढें जें मिळेल तें जमविण्याचा सपाटा सुरू झाला. पेंढा भरलेले पक्षी, दगड झालेले जुने प्राणी, दूरदेशच्या लोकांचीं वस्त्रें व हत्यारें, सारें त्यांच्या घरांत येऊन पडलें. तें पाहण्यास इतके लोक लोटूं लागले कीं १७७३ सालीं त्यांनीं वर्तमानपत्रांत सूचना दिली. परिचित सभ्य गृहस्थाची किंवा स्त्रीची चिठ्ठी आणल्यावांचून साधारण लोकांस प्रवेश मिळणार नाहीं, असा तिचा आशय होता. ही गोष्ट आम्हांस रुचत नाहीं. पण चरित्र लिहावयाचें तर तीहि सांगितली पाहिजे.

१७७५ सालीं लीव्हर आपला संग्रह घेऊन लंडनमध्यें आले. लेस्टर हाउस नांवाचा, एके काळीं राजपुत्राचें निवासस्थान असलेला वाडा त्यांनीं भाड्यानें घेतला व तिकिट लावून संग्रहालय उघडलें. १७७८ सालीं त्यांस सर ही पदवी मिळाली. कॅप्टन कुक ह्यांच्या तिसऱ्या सफरींतील अनेक वस्तूहि ह्या वाड्यांत येऊन राहिल्या.

ह्या संग्रहालयाच्या व्यवस्थेंत टॉमस वेअरिंग नांवाचे एक गृहस्थ लीव्हर ह्यांचे साहाय्यक होते. मेजावर वांकून सतत लिहीत बसल्यामुळें त्यांच्या छातींत दुखूं लागलें. तेव्हां त्यांनीं धनुष्य हातीं घेतलें, रोज नियमानें बाण सोडले, आणि कांहीं काळानें ते बरे झाले. छाती पुढें काढून व खांदे मागें खेंचून धनुष्य ओढावें लागतें, हें ज्यांनीं करून पाहिलें आहे त्यांस ह्यांत आश्चर्य वाटणार नाहीं. वेअरिंग ह्यांस आलेला गुण पाहून लीव्हरहि तिरंदाजी करूं लागले, आणि १७८१ सालीं दोघांनीं कांहीं स्नेही जमवून लेस्टर हाउस येथें टॉक्सोफिलाइट सोसायटी, म्हणजे धनुष्यप्रेमी मंडळ, स्थापन केलें. हें नांव रॉजर अ‍ॅस्कम ह्यांच्या १५४५ सालच्या तिरंदाजीवरील ग्रंथाच्या नांवावरून घेतलें होतें. आपल्याकडे पुण्यास नाना फडणीस ह्यांच्या हातीं कारभार होता तो हा काळ. बंदुकीनें धनुष्यास लढाईंतून केव्हांच हांकलून लाविलें होतें. लंडनच्या जुन्या फिन्सबरी तिरंदाजांपैकीं जे थोडे उरले होते तेहि ह्या नव्या मंडळास मिळाले.

असें मंडळ चालविणें दिसतें तितकें सोपें नाहीं. लांब, सपाट व मोकळी जागा पाहिजे. पेंढ्याच्या दोरीचीं वेटोळीं शिवून केलेलीं चार फूट व्यासाचीं लक्ष्यें लागतात, आणि इंग्रजी रीतीप्रमाणें तीं मैदानाच्या दोन्ही टोकांस मांडावीं लागतात. त्यांवर ताणलेल्या रंगीत कापडावर मध्यें सोनेरी वर्तुळ व त्याभोंवतीं तांबडें, निळें, काळें व पांढरें अशीं वलयें असत. त्यांस अनुक्रमें ९, ७, ५, ३ व १ असे गुण मिळूं लागले. अंतरें १००, ८० व ६० यार्डांचीं. प्रत्येकानें तीन बाण सोडावयाचे, सर्वांचें सोडून होईपर्यंत कोणीं रेषेपुढें पाऊल टाकावयाचें नाहीं, मग सर्वांनीं मिळून पलीकडे जावयाचें, गुण मोजावयाचे, बाण उपटावयाचे आणि तेथूनच परत इकडे मारावयाचे. यू झाडाच्या लाकडाचें तें लांब धनुष्य काम झाल्याबरोबर उतरवून ठेवावें लागे, आणि तागाची दोरी ओली होऊं न देण्याची काळजी घ्यावी लागे. उतावळ्या माणसाचा येथें निभाव लागत नसे.

इकडे संग्रहालयाचा खर्च उत्पन्नाबाहेर गेला. लीव्हर ह्यांनीं संग्रह ब्रिटिश म्यूझियमला देऊं केला. तो घेतला गेला नाहीं. शेवटीं १७८४ सालीं पार्लमेंटनें कायदा करून त्यांस सोडत काढण्याची परवानगी दिली. एकेका गिनीचीं ३६,००० तिकिटें काढलीं; खपलीं केवळ ८,०००. उरलेलीं २८,००० लीव्हर ह्यांच्याजवळच राहिलीं, म्हणजे नऊ भागांपैकीं सात भाग आशा त्यांच्याच बाजूस होती. १७८६ सालीं सोडत निघाली, आणि संग्रह जेम्स पार्किन्सन नांवाच्या गृहस्थास गेला! आयुष्याचीं पंचवीस वर्षें व वाडवडिलांचा पैसा ज्यांत ओतला तें सारें एका चिठ्ठीनें परक्याचें झालें.

१७८७ सालीं प्रिन्स ऑफ वेल्स तिरंदाज मंडळाचे आश्रयदाते झाले. वर सांगितलेल्या तीन अंतरांस अजूनहि त्यांच्यावरून राजपुत्राचीं अंतरें म्हणतात. लीव्हर ह्यांस हा मान पाहावयास मिळाला, पण फार दिवस नाहीं. १७८८ च्या जानेवारींत मँचेस्टर येथें त्यांचा अंत झाला.

पार्किन्सन ह्यांसहि संग्रह झेपला नाहीं. १८०६ सालीं त्याचा लिलांव झाला. तो ६५ दिवस चालला होता. कांहीं पक्षी व्हिएन्ना येथें गेले, कांहीं लिव्हरपूलला पोंचले, बाकी वस्तू कोठें कोठें विखुरल्या. मंडळाची गोष्ट निराळी होती. त्याचा खर्च सभासदांच्या वर्गणींतून चाले, आणि जागा गेली तर पेंढ्याचीं लक्ष्यें उचलून दुसरीकडे नेतां येत. लेस्टर हाउस सुटल्यावर त्यानें गॉवर स्ट्रीटजवळ जागा घेतली. फ्रान्सशीं युद्ध चालू असतां तेथूनहि निघावें लागलें व सभासद थोडे उरले. पुढें १८३३ च्या सुमारास रीजंट्स पार्कमध्यें त्यास चांगलें मैदान मिळालें व तें जवळ जवळ नव्वद वर्षें टिकलें. आज तें मंडळ लंडनच्या पश्चिमेस बर्नहॅम गांवीं आहे, आणि तेथील मैदानावर सभासद अजूनहि नेम धरतात, मग चालत जाऊन आपापले बाण उपटून आणतात.