पुण्याचे वर्णपटवेधक नायगामवाला

ताऱ्यांच्या प्रकाशाचे पृथक्करण करून त्यांची घडण जाणण्याचे शास्त्र युरोपातही नवे होते, त्या काळी पुण्यात त्यासाठी स्वतंत्र वेधशाळा उभी राहिली, याची आठवण शहरात फारशी उरलेली नाही. तिचे कर्ते कावसजी दादाभाई नायगामवाला १८५७ साली जन्मले. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात ते शिकले आणि तेथेच पदार्थविज्ञान शिकवू लागले. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीत सरकारने भर घातली आणि वर्णपटदर्शक खरेदी करण्यासाठी नायगामवाला १८८४ साली इंग्लंडला गेले. तेथे नॉर्मन लॉक्यर प्रभृतींच्या सल्ल्याने प्रयोगशाळेच्या योजनेची वेधशाळा झाली. वेधांस मुंबईहून पुणे सोयीचे. म्हणून १८८८ मध्ये ती पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये सिद्ध झाली. डब्लिनच्या ग्रब यांनी घडविलेली तिची परावर्तक दूर्बीण पुढे वीस इंची करण्यात आली. कित्येक दशके तीच देशातील सर्वांत मोठी दूर्बीण होती.

परंतु नुसत्या आकाराने संशोधन होत नाही. मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा दिसते. ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड आहे, असे लॉक्यर यांचे मत. विल्यम हगिन्स यांना ते अमान्य. कड असती तर रेषा एका अंगाने पुसट होत जाणे प्राप्त होते. नायगामवालांना १८९१ साली ती सर्वथा बारीक व रेखीव आढळली. ज्यांच्या सल्ल्याने वेधशाळा जन्मली, त्यांच्याच सिद्धांताविरुद्ध तिचा कौल गेला, आणि तो त्यांनी निःसंकोच प्रसिद्ध केला. पारतंत्र्यातील एका प्राध्यापकाच्या दृष्टीने हे धैर्य लहान नव्हे. ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची, हे आयरा बोवेन यांनी १९२७ साली उलगडले. हाच ऑक्सिजन ८८ मायक्रॉनच्या दूरस्थ अवरक्त लहरीही फेकतो. वातावरणातील बाष्प त्या अडवते. म्हणून त्यांच्यासाठी हर्शेल दुर्बिणीसारखी, अतिशीत ठेवलेली उपकरणे २००९ साली अंतराळात धाडावी लागली. रेषेची रुंदी मूळची की उपकरणाची, हा पुण्यातला प्रश्न तेथेही सुटला नाही.

२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी नायगामवाला जेऊरला गेले. लॉक्यर विजयदुर्गावर होते. (त्यांना हेलियम तेथे सापडला ही समजूत खरी नव्हे, १८६८ साली ते इंग्लंडातच होते.) जेऊरच्या वेधांचा सविस्तर अहवाल १९०२ मध्ये निघाला.

वेधशाळा मात्र एकाच माणसाच्या खांद्यावर उभी होती. तिला वारस नेमला गेला नाही. नायगामवाला निवृत्त होताच १९१२ साली ती बंद करण्यात आली आणि तिची दूर्बीण कोडाईकनालला रवाना झाली. ते त्यानंतर पंचवीसहून अधिक वर्षे जगले. १९३८ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा पुण्यात त्या तोडीची दूर्बीण नव्हती.