ध्रुवाकडे निघालेले लोकमान्य

आम्हा सांगोलेकरांना बर्फ ठाऊक असतो तो उन्हाळ्यातल्या गोळ्याच्या गाडीवरचा. माण नदीचे कोरडे पात्र पाहत वाढलेल्या माझ्यासारख्या विद्यार्थ्याने ध्रुवप्रदेशाविषयी लिहावे, याचे कोणालाही नवल वाटेल. परंतु मला त्या बर्फापर्यंत नेले ते कोणा दर्यावर्दी संशोधकाने नव्हे, तर लोकमान्य टिळकांनी!

टिळक म्हटले की केसरी, गणेशोत्सव, मंडाले आणि गीतारहस्य एवढेच आपल्याला आठवते. २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत जन्मलेला हा गणिताचा पदवीधर वेदांच्या काळाचाही शोध घेत होता, हे आपण विसरतो. १८९३ साली त्यांचा 'ओरायन' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. योगायोग असा, की त्याच वर्षी नॉर्वेचा नान्सेन 'फ्राम' जहाज घेऊन उत्तर ध्रुवाकडे निघाला. जहाज बर्फात मुद्दाम अडकवायचे आणि प्रवाहाबरोबर वाहत जायचे, असा त्याचा बेत. पुढे जहाज सोडून तो बर्फावरून निघाला आणि एप्रिल १८९५ मध्ये ८६ अंश १४ कला अक्षांशापर्यंत पोचला. ध्रुव मात्र दूरच राहिला.

१८९७ साली राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. तुरुंगात त्यांच्या हाती मॅक्समुल्लर यांनी पाठविलेला ऋग्वेद होता आणि रात्री काही तास दिवा. ऋग्वेदातील उषा एवढी प्रदीर्घ का? तीस उषांचा उल्लेख कशासाठी? देवांचा दिवस सहा महिन्यांचा का? ध्रुवावर सूर्य वर्षातून एकदाच उगवतो आणि पहाट कित्येक आठवडे रेंगाळते. यावरून त्यांनी अनुमान काढले, की आर्यांचे मूळ वसतिस्थान ध्रुवालगत असावे आणि हिमयुगामुळे त्यांना ते सोडावे लागले असावे. सप्टेंबर १८९८ मध्ये ते सुटले. वर्षअखेर हस्तलिखित तयार झाले, पण त्यांनी ते लगेच छापले नाही. इतर शास्त्रांचे दाखले तपासत ते थांबले. 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला तो १९०३ साली.

गेल्या वर्षी एका वक्तृत्व स्पर्धेत मी हा सिद्धांत पूर्णपणे सिद्ध झाल्याचे ठणकावून सांगितले. टाळ्या पडल्या. परीक्षकांनी मात्र शांतपणे विचारले, पुढे या मताचे काय झाले? मी निरुत्तर झालो. मग ग्रंथालयात बसलो. आजचे अभ्यासक हे मत स्वीकारत नाहीत. भाषाशास्त्र आणि प्राचीन अवशेषांतील जनुकांचा अभ्यास यांचा कौल युरेशियातील गवताळ प्रदेशाकडे आहे. वाचून मन खट्टू झाले. लोकमान्यही चुकू शकतात?

पुष्कळ विचार केल्यावर उमगले, की ध्रुव नान्सेनलाही गाठता आला नाही. १४ डिसेंबर १९११ रोजी अमुंडसेनने दक्षिण ध्रुव गाठला, तो नान्सेनचेच 'फ्राम' जहाज घेऊन. त्या वेळी टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

तुरुंगातल्या मिणमिणत्या दिव्याच्या उजेडात ज्याने ध्रुवावरची पहाट पाहिली, त्याचा निष्कर्ष टिकला नाही म्हणून त्याची तपश्चर्या लहान होत नाही. त्यांनी आपले मत छापण्यापूर्वी चार वर्षे तपासले. मी ते सिद्ध ठरविण्यापूर्वी चार पाने उलटली नव्हती. मित्रहो, त्या स्पर्धेत मी हरलो, ते लोकमान्यांमुळे नव्हे, माझ्या उतावीळपणामुळे.