घराच्या माळ्यावर जुनं पिस्तूल सापडलं तर? आधी पुण्याच्या काकासाहेब केळकरांची गोष्ट वाचा

वाघोली म्हटलं की आज डोळ्यांपुढे येतात टॉवर, ट्रॅफिक आणि पाण्याचे टँकर. पण हे गाव मूळचं शाहू छत्रपतींचे सरदार पिलाजी जाधवराव यांचं. वाघेश्वराच्या देवळाजवळ त्यांची समाधी आजही आहे. २०२१ मध्ये वाघोली पुणे महापालिकेत आली, आणि या पट्ट्यातली जुनी घरं पाडून नव्या इमारती उभ्या राहतायत.

आता समजा, अशाच एखाद्या घराच्या माळ्यावर पणजोबांच्या काळातलं गंजलेलं पिस्तूल निघालं. पहिला मोह रील बनवायचा. दुसरा, चालतंय का बघायचं. दोन्ही मोह महागात पडू शकतात. मग काय करायचं? त्याआधी एका माणसाबद्दल वाचा, ज्याने अख्खं आयुष्य जुन्या वस्तू सांभाळण्यात घालवलं.

दिनकर गंगाधर केळकर. जन्म १० जानेवारी १८९६. घरचा धंदा चष्म्यांचा, पण ओढा कवितेचा. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहायचे. मराठ्यांच्या इतिहासावर लिहिता लिहिता त्या काळातल्या वस्तूंचा नाद लागला आणि १९२० च्या सुमारास त्यांनी संग्रह सुरू केला. पुढची जवळपास सत्तर वर्षं ते देशभर फिरत राहिले.

काय काय जमवलं? दिवे, अडकित्ते, दौती, वाद्यं, कोरीव दरवाजे. लोक जे भंगारात काढायचे, ते काकासाहेब घरी आणायचे. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून त्यांनी तो संग्रहालयात पुन्हा उभा केला. या सगळ्यात शस्त्रंही आली. तलवारी, कट्यारी, ढाली, चिलखतं, बंदुका आणि दारू भरायच्या नक्षीदार बारूददाण्या.

त्यांनी संग्रह सुरू केला तेव्हा देशात इंग्रजांचा १८७८ चा शस्त्र कायदा लागू होता. त्या कायद्यात बंदुकीबरोबर तलवार, भाला, इतकंच काय धनुष्यबाणही शस्त्रच. सरदार घराण्यांतली हत्यारं एकतर सरकारजमा झाली होती, नाहीतर माळ्यावर गंजत पडली होती. अशा काळात जुन्या वस्तू शोधून जपणं म्हणजे नुसती हौस नव्हती.

त्यातच घरावर आघात झाला. मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याचं नाव त्यांनी संग्रहाला दिलं. पत्नी कमलाबाई या सगळ्या उद्योगात बरोबरीने राबल्या. २०,००० हून जास्त वस्तूंचा हा संग्रह काकासाहेबांनी १९७५ मध्ये महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. १९८० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १७ एप्रिल १९९० रोजी ते गेले. शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय हेच त्यांचं स्मारक.

आता परत माळ्यावरच्या पिस्तुलाकडे येऊ.

पहिली गोष्ट, ते भरलेलं आहे असंच समजा. जुन्या ठासणीच्या हत्यारात नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासलेली असते. आत काही आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनीही पेट घेऊ शकते. म्हणून चाप ओढू नका, नळीत डोकावू नका, घासायला आणि तापवायला तर अजिबात जाऊ नका. ते आहे तिथेच ठेवा, मुलांना लांब करा आणि ११२ वर फोन करा.

दुसरी गोष्ट, चालवून बघायचा विचार सोडा. नळी आतून गंजली की तिची ताकद जाते. बार उडाला तर नळी फुटून इजा होते ती हातात धरणाऱ्यालाच.

तिसरी गोष्ट, कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये कालबाह्य, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या हत्यारांना सूट आहे. पण अट अशी की ते दुरुस्त करूनही चालता कामा नये. आता ते चालेल की नाही, हे आपण घरी बसून ठरवायचं नसतं. त्यामुळे आजोबांनी सैन्यातून आणलेलं रिव्हॉल्व्हर नुसतं जुनं आहे म्हणून सूट मिळत नाही. त्यांचा परवाना होता, पण आता ते नाहीत? तर ते शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. शिवाय शंभर वर्षांहून जुनी वस्तू असेल तर पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा लागतो. ती खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही.

अमेरिकेत लष्कराने वापरलेली एम १९११ पिस्तुलं तपासून, कागदपत्रं बघून हौशी लोकांना विकली जातात. त्यांचे व्हिडिओ बघून आपल्यालाही वाटतं, काय मजा आहे! पण आपल्याकडे ९ एमएमसारखं लष्करी पिस्तूल प्रतिबंधित बोअरमध्ये येतं. नेमबाजीची खरंच आवड असेल तर बालेवाडीच्या क्रीडा संकुलात शूटिंग रेंज आहे. एअर पिस्तूल हातात घ्या आणि प्रशिक्षकाकडून शिका.

आणि जुनी हत्यारं बघायची असतील तर एखाद्या रविवारी शुक्रवार पेठेत जा. एकेकाळी माणसं मारायला बनवलेल्या वस्तू तिथे काचेमागे शांत पडून आहेत. काकासाहेबांनी त्या जपल्या, म्हणून आज आपल्याला दिसतात. तुमच्या माळ्यावरची वस्तूही तशीच कुणाला तरी बघता येईल, फक्त आधी योग्य ठिकाणी फोन करा.